हौसाआत्याचं इंग्रजी मरण

छापील पुस्तकात मरण्याचा मान आमच्या घराण्यात एकट्या हौसाआत्याला मिळाला, आणि तोही इंग्रजीत. त्या पुस्तकात ती वलवणच्या धरणात उतरते. अंगावर पांढरं लुगडं असतं, आकाशात चंद्र असतो आणि ओठांतून शब्द फुटत नाही. ते वाचून अमेरिकेत कितीतरी बायका रडल्या म्हणे. त्या रडत होत्या तेव्हा आत्या आमच्या ओट्यावर उकिडवी बसून तांदूळ पाखडत असेल आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या आबांना, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, फैलावर घेत असेल. पांढरं लुगडं तिने जन्मात नेसलं नाही. म्हशीचं करणारी बाई पांढरं नेसेल कशाला?

आमचं घर वलवणात, धरणाच्या भिंतीच्या अलीकडे. आबा लोणावळ्याला रेल्वेत कामाला होते. घाटातून गाडी ढकलत वर आणलेली इंजिनं स्टेशनात सुटत आणि शिट्ट्या घालत परत खाली जात. त्या शिट्ट्यांवरून आई आबांच्या जेवणाचा अंदाज बांधी आणि नेमाने चुके. घरची थोडी भातखाचरं होती, दोन म्हशी होत्या आणि आत्या होती. आत्या एकटी असली तरी घर भरल्यासारखं वाटे. ती म्हशीशी बोले, चुलीशी बोले, विझलेल्या चुलीलाही चार शब्द सुनावल्याशिवाय पेटवत नसे. तांदळाची भाकरी थापताना तिचा हात आणि तोंड एकाच लयीत चालायचं. धरणाच्या कडेचे खेकडे कुटून ती असा झणझणीत रस्सा करी की जेवणाऱ्यांच्या नाकातून पाणी यायचं आणि मग आत्या त्या नाकांनाही बोलायची.

वडिवळ्याला दिली होती तिला. मूल होत नाही म्हणून चार वर्षांनी नवऱ्याने, धोंडिबाने, दुसरी आणली. आत्याने रडारड केली नाही. सवतीसाठी चूल सारवून दिली आणि म्हणाली, पंच बोलवा. आमच्याकडे तेव्हा काडीमोड होती. पंचांसमोर गवताची काडी मोडायची की दोघंही मोकळी. आत्याने काडी मोडली, तांब्या-ताटली उचलली आणि माहेरी आली. आल्या दिवशी तिने पहिली चौकशी म्हशीच्या दुधाची केली आणि आईला सांगितलं, "तुमी लय निबार करून ठिवलीय तिला. उद्यापासनं मी पिळीन."

दुरपदीबाई आल्या त्या साली मी मॅट्रिकच्या वर्गात होते. खरं नाव डोरोथी, राहणार अमेरिका. आमच्या वरच्या बाजूला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता, तिथे त्या कादंबरी लिहायला दिवाळीनंतर उतरल्या. डोरोथीचं दुरपदी आत्याने पहिल्याच सकाळी, दूध घालायला गेली तेव्हा केलं आणि पुढे अख्ख्या वलवणाने तेच चालवलं. बाई उंच, हाडकुळ्या, केस कापलेले, आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखा भाव. त्या व्हरांड्यात बसून टाइपरायटर बडवायच्या. सकाळी सुरू झालेली टकटक दुपारी जेवणापुरती थांबे की पुन्हा चालू. आत्या दोन-तीन दिवस कान देऊन होती. मग म्हणाली, "बाई दिसभर भरडती आन पीठ काय पडत न्हाई." गेल्या साठ वर्षांत कादंबऱ्यांवरची बरीच परीक्षणं मी वाचली, पण याच्यापुढे कुणी गेलेलं पाहिलं नाही.

त्यांचं चरित्र त्यांनीच मला सांगितलं. मी फुकटची दुभाषी होते आणि मला इंग्रजी ऐकायची हाव होती. लहानपण कुठल्याशा मक्याच्या मुलखात गेलं. बाप पाद्री, आई गप्प. बाई तिथून पळाल्या आणि पहिलं लग्न केलं. नवरा कवी होता. तो सुटला तेव्हा त्याच्यावर पहिली कादंबरी लिहिली, तिला बक्षीस मिळालं. बक्षीस द्यायला जो आला त्याच्याशी दुसरं लग्न. तो सुटल्यावर दुसरी कादंबरी. तिसरा नवरा डॉक्टर. त्याने मात्र कादंबरीपुरताही ऐवज दिला नाही अशी बाईंची तक्रार होती. नवऱ्यांचा साठा संपल्यावर त्यांनी देश घ्यायला सुरुवात केली. आधी मेक्सिको, मग आपण. मी हे घरी जाऊन सांगितल्यावर आईने पदर तोंडाला लावला. आत्या मात्र विचारात पडली आणि म्हणाली, "तीन वेळा काडी मोडली म्हंजी पंचांना किती जेवनं पडली असतील गं!"

बाईंना भारतीय स्त्रीचं दुःख पाहिजे होतं. हे त्यांनी मला इतक्या सरळ सांगितलं, जणू वाण्याकडे डाळ मागताहेत. आईकडे दुःख नव्हतं, वेळ नव्हता म्हणून. मग त्यांची नजर आत्यावर गेली. आत्या रोज दूध मापता मापता जे बोले त्यातलं बाईंना एक अक्षर कळत नसे, आणि मी शाळेत असल्यामुळे सांगायला कुणी नसे. त्यामुळे त्यांनी ठरवलं की ही बाई बोलतच नाही. तुम्हाला हे पटणार नाही, पण पुस्तकात तसं छापलंय. तिच्या ओठांतून गुणगुणल्यासारखे आवाज येत, पण ती मुकीच आहे, शतकानुशतकं मुकी आहे, असं काहीतरी. ते आवाज म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे. बंगल्याचा माळी दुधाचं भांडं विसळत नसे आणि आत्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

संध्याकाळी आत्या धरणाच्या काठाला जाऊन उभी राही. हे बाईंनी व्हरांड्यातून पाहिलं. पाण्याकडे टक लावून बघणारी एकाकी बाई! त्यावर एक आख्खं प्रकरण आहे. आमची धाकटी म्हैस पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नसे. आत्या तिची वाट बघे आणि मधूनमधून दगड मारी. दगडही बाईंनी टिपले आहेत. पुस्तकात ती आपल्या आठवणी पाण्यात भिरकावते.

एका रविवारी बाईंनी मला आणि आत्याला व्हरांड्यात बसवलं, बिस्किटं दिली आणि विचारलं, ही नवऱ्याकडून का आली? माझं इंग्रजी गाय या विषयावरच्या निबंधापलीकडे फारसं गेलं नव्हतं. काडीमोडला शब्द कुठला आणणार? मी म्हटलं, "हजबंड, स्टिक, ब्रोकन. देन शी केम." बाईंनी छातीवर हात ठेवला. मग त्यांनी आत्याचा हात हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या हात सोडवत मला म्हणाली, "हिला काय झालं? बिस्कुट लागलं का घशात?" मी भाषांतर चूक केलं असं मला आजही वाटत नाही. काडी मोडली होती, नवराही त्यात होता. ती काडी लाकडाची करून, वाशाएवढी जाड करून आत्याच्या पाठीत मोडायची, हे कष्ट बाईंनी स्वतः घेतले.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. ओट्यावर घोंगडी टाकली, आईने गूळ-शेंगदाणे ठेवले. बाई गंभीर होऊन म्हणाल्या की मला तुमची परवानगी हवी आहे, पुस्तकात तुमची खरी नावं ठेवली तर चालतील का? मी चोख मराठी केलं. "आत्या, बाई विचारत्यात, पुस्तकात तुझी नावं ठेवू का?"

आत्याने शेंगदाण्याचं साल फुंकलं. "ठिव म्हनावं! सासूनं ठिवली, जावंनं ठिवली, आख्खं वडिवळं ठिवतंय. ही येवढी सात समुद्रापल्याडनं आलीय, हिनंच काय घोडं मारलंय?"

मी बाईंना सांगितलं, "शी सेज यस."

बाईंनी पुन्हा डोळे पुसले आणि हौसा या नावाचा अर्थ विचारला. मी खूप विचार करून म्हटलं, डिझायर. त्यांनी तो शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परवा माझ्या नातीने फोनवर शोधून त्यांचा फोटो दाखवला. त्यात पार म्हाताऱ्या दिसतात, गळ्यात आपल्याकडची तुळशीमाळ आहे. किती कादंबऱ्या, किती मानसन्मान, कुठल्या कुठल्या विद्यापीठांत शिकवलं, सगळं तिथे होतं. मुलाखतीत म्हणतात, ज्यांना आवाज नाही त्यांना मी आवाज दिला. नात म्हणाली, आजी, तू ओळखायचीस त्यांना? मी म्हटलं, हो, आणि ज्यांना त्यांनी आवाज दिला त्यांचा आवाज धरणापलीकडे जायचा. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

पुस्तक आलं तेव्हा बाईंना अमेरिकेला परत जाऊन दीडेक वर्ष झालं होतं, आणि नेमकं त्याच सुमारास आत्याचं जमत आलं होतं. परंदवडीचे बाबूराव, इंजिन शेडात फिटर, बायको वारलेली, मागे कुणी नाही. आबांच्या ओळखीचे. कधीमधी आबांबरोबर घरी येत, ओट्याच्या कडेला बसत, चहा घेत आणि आत्या म्हशीवर ओरडत असली की मान खाली घालून हसत. आमच्यात पाट लागतो, म्हणजे बाईचं दुसरं लग्न होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आत्या उघड काही म्हणत नसे. पण बाबूराव यायचे त्या दिवशी ती चुलीला कमी बोले आणि केसांना खोबरेल लावी. आईने मला हळूच दाखवलं होतं. भावाच्या घरी कितीही सत्ता चालवली तरी ते भावाचंच घर, हे आत्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आपली चूल मांडायची ही एवढीच वेळ, पुन्हा येणार नाही, हेही. मला तेव्हा तिची फार काळजी वाटायची.

पुस्तक शेटजींच्या नावाने बंगल्यावर आलं. शेटजी हिशेबाच्या वहीखेरीज काही वाचत नसत. माळ्याकडून ते आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलं. लोणावळ्यात त्या काळी इंग्रजी कादंबरी वाचल्याचं सोंग आणणारे पुष्कळ होते, पण मास्तरांनी ती खरोखर उघडली आणि निम्म्यापर्यंत वाचलीही. वाचलेलं पोटात राहीना म्हणून त्यांनी न्हाव्याच्या दुकानात, हजामत चालू असताना, गोषवारा सांगितला. वलवणची हौसा, खरं नाव, खरं गाव. नवरा पाठीत काठी मोडतो आणि एके दिवशी ही त्याला भाकरीतून धोत्र्याच्या बिया घालते. तो मरतो. इतकं झाल्यावर मास्तरांची दाढी उरकली. न्हाव्याकडे शेडातली माणसं यायची. आठवडाभरात गोष्ट परंदवडीला पोचली, आणि ती छापील असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही.

बोलणी पक्की करायला म्हणून परंदवडीची मंडळी ठरल्या दिवशी आली खरी, पण बाबूरावांचे थोरले भाऊ, तात्या, यांनी पुढे ठेवलेल्या गूळपाण्याला हात लावला नाही. शिवाय बाबूरावांच्या पुढ्यातला तांब्याही त्यांनी पायाने जरा लांब सारला. आईने आत पोळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला होता. आबांनी कारण विचारलं.

"कारन काय इचारता? पुस्तकात आलंय सगळं," तात्या म्हणाले. "पयला कुटं हाय तुमच्या बहिनीचा?"

"वडिवळ्याला हाय की."

"मातीत का मातीवर?"

मी पुढे झाले. मी तोवर मास्तरांकडून पुस्तक आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत वाचलं होतं. गावात शेवटपर्यंत वाचणारी मी एकटी. मी म्हटलं, "तात्या, ती खोटी गोष्ट आहे. त्या पुस्तकात तर शेवटी आत्यापण धरणात जीव देते. आता ही समोर उभी आहे ना?"

तात्यांनी आत्याकडे खालपासून वर बघितलं. माझा मुद्दा बिनतोड होता असं मला वाटलं होतं. तात्या दोन हात मागे सरकले आणि म्हणाले, "मंग ही कोन?"

इतका वेळ दारात उभी असलेली आत्या बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते रागाचं असं ती नंतर म्हणत असे, पण मी जवळ उभी होते, ते निव्वळ रागाचं नव्हतं. "थांबा म्हनावं पावन्यांना," ती आबांना म्हणाली. "म्या मारलेला घिऊन येते. जित्ता बघून मंग काय ते ठरवा." आणि मला हाताला धरून ती स्टेशनकडे निघाली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, म्हणजे दुरपदीबाईंचं वर्णन आयुष्यात एकदा खरं ठरलं. मी मात्र भ्याले होते. तो आला नाही तर काय, हा प्रश्न मला गाडीत सुचला, आणि तिला तो घरीच सुचला असणार.

कामशेतला उतरून वडिवळ्याला गेलो तेव्हा धोंडिबा खाचराचा बांध घालत होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. आत्या बांधावर उभी राहिली. काडी मोडल्यापासून दोघं समोरासमोर आली नव्हती. मीच सगळं सांगितलं. तो आधी हसला. "मी मेलो? कवा? आन मला कोनी बोलला न्हाई!" मग त्याच्या लक्षात आलं की आपण यायचं आहे, आणि तो बांधाकडे वळून चिखल थापू लागला. कशाला, काय, लोक हसतील, असं पुटपुटला.

त्याची दुसरी बायको डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन येत होती. तिने ऐकलं आणि पाटी खाली ठेवली. "माज्या कपाळाला कुकू हाय का न्हाई?" ती नवऱ्यावर कडाडली. "तुमाला मेला म्हनत्यात आन तुमी बांध घालताय? उटा! जाऊन तोंड दावून या, न्हाईतर घरला येऊ नगा." मग ती आत्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, घिऊन जावा. पाय धुवून न्या पर."

असा आमचा पुरावा, पाय धुतलेला, डोक्याला मुंडासं बांधलेला, उन्हं कलता कलता आमच्या ओट्यावर येऊन पोचला. परंदवडीकर थांबले होते. आबांच्या शब्दापेक्षा मेलेला माणूस बघायची उत्सुकता दांडगी होती. न्हाव्याचं दुकानही बंद असावं, कारण मास्तर धरून अर्धं गिऱ्हाईक आमच्या अंगणात होतं. तात्यांनी धोंडिबाला निरखलं. त्याच्या बापाचं नाव विचारलं, गावकीतली दोन माणसं विचारली, पाऊल उलटं नाही ना, तेही बघून घेतलं. सगळं जुळलं. तरी त्यांच्या मनातला किडा जाईना.

"जित्ता हायस ते दिसतंय," ते म्हणाले. "पर पुस्तकात उगा कोन लिवंल? इख घातलं असंल आन तू वाचला असशील. खरं सांग. हिच्या हातचं खाऊन तुला कवा काय झालं का?"

धोंडिबा आपल्या धुतलेल्या पायांकडे बघू लागला. त्याला मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. वाईट माणूस नव्हता; साधा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस.

"काय व्हनार?" तो म्हणाला. "चार वरसं नांदली ही, पर मी हिच्या म्होरं ताट घिऊन बसलो न्हाई. आई वाढायची ते खायाचो, न्हाईतर शेतात. ही भाकरी करून वाट बघायची, मी येत नसायचो. इख घालायला बी मानूस पुढ्यात बसाया लागतो, तात्या."

मास्तर आपल्या छत्रीची मूठ बघत होते. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिची मान खाली गेली. आबांनी तोंड फिरवलं. चार वर्षं वडिवळ्यात काय झालं ते आम्हाला, तिच्या घरच्यांना, तोवर ठाऊक नव्हतं. एवढं बोलणाऱ्या बाईने ते कधी सांगितलं नव्हतं.

तात्या काहीतरी म्हणायला गेले. पण त्याआधी बाबूराव उठले. दिवसभरात ते पहिल्यांदाच हलले असतील. शेडातलं काळं वंगण त्यांच्या नखांतून कधी जात नसे. ते हात त्यांनी ओट्याच्या कडेला पाणी घेऊन पुन्हा पुन्हा धुतले. मग ते सगळ्यांच्या मधून आत गेले, चुलीसमोर भिंतीला टेकून मांडी घालून बसले आणि आत्याला म्हणाले, "वाढा. भूक लागलीय."

"त्यांनी तर तुमास्नी पानी बी घिऊ दिलं न्हाई," आत्या तात्यांकडे बोट करून कशीबशी म्हणाली.

"भूक मला लागलीय."

आत्याने ताट घेतलं. आईच्या पोळ्या बाजूला सारून तिने स्वतः तवा टाकला, पीठ घेतलं आणि भाकरी थापली. बाबूरावांनी पहिला घास घेतला तेव्हा अंगणातली मंडळी दारात माना घालून बघत होती, जणू आता ते आडवेच होणार. ते भराभर जेवू लागले, एवढ्या लोकांदेखत, घाईघाईने. आत्या चुलीशी बसली होती, दुसरी भाकरी तव्यावर होती, आणि ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सावकाश जेवा. मी हाय हितंच."